तेल लावलेला कागद

४ ऑगस्ट

मामा,

मागच्या महिन्यात मी फोनवर घसा फाडून सांगत होते की मला नोकरी लागली, आणि तू शांतपणे म्हणालास, "हो हो, पिशवी पोचली." कुठली पिशवी रे? शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, घरात सगळं ठीक आहे ना. तेव्हा आता पत्रच. जन्मभर नाटकाच्या थिएटरात स्पीकरला कान लावून बसलास, त्याची फळं आम्ही भोगतोय.

तर नोकरी लागली. सहावी-सातवीला विज्ञान. शाळा तीन मजली, व्हरांडे लांबलचक, आणि प्रत्येक दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेचा चौकोन, म्हणजे येता-जाता आत काय चाललंय ते दिसावं. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे काय, तर नळ गळतो, तराजू खोटं बोलतो आणि कपाटातल्या सांगाड्याचा डावा हात कुणीतरी लांबवलाय. मी जाम खूश आहे.

पहिल्याच दिवशी वर्गात भाषण ठोकलं: "माझ्याकडे मूर्ख प्रश्न नसतो. काहीही विचारा." एका मुलीनं ते फारच मनावर घेतलं. सातवीतली, काडीसारखी, एक वेणी कायम सुटलेली. शाळा सुटल्यावर मी परीक्षानळ्या धुवायला लागले की येऊन उभी राहते आणि सुरू. ढग पडत का नाहीत, साबण स्वतः मळका का होतो. शिक्षकांच्या खोलीत तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणतात. मला तर ती भलतीच आवडते.

काल तिनं तुझ्या खात्यातला प्रश्न काढला. दार बंद असलं आणि भिंतींना गालिचा लावलेला असला, तर आतला आवाज बाहेर ऐकू येतो का? आणि कुठला येतो, जाडा की बारीक? मी म्हटलं, थांब, माझा मामा आहे या कामाला. आता माझी लाज राख.

तुझी,
ठमी

---

१० ऑगस्ट

ठमाबाई,

पिशवीचा विषय पुन्हा काढू नकोस. मामी अजून हसतेय.

नोकरीचं ऐकून, म्हणजे वाचून, आनंद झाला. सांगाड्याचा हात शोध, तो शाळेतल्या नाटकाच्या ग्रुपनंच नेला असणार. आम्हीही नेले असते.

आता उत्तर. तिला सांग, जाडा आवाज दांडगट असतो. तो भिंतच हलवतो आणि पलीकडे जातो. म्हणून शेजारी गाणं लागलं की आपल्याला नुसतं धडधड ऐकू येतं. बारीक आवाज नाजूक, त्याला फट लागते. दाराखाली बोटभर जागा असली तरी तेवढ्यातून सटकतो. गालिच्याबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असतो. गालिच्यानं आतलं घुमणं कमी होतं, बाहेर जायचा आवाज त्यानं फारसा अडत नाही. पण दार जड असेल आणि खालची फट बंद केलेली असेल, तर मात्र आत कुणी गळा काढला तरी व्हरांड्यात नुसतं कुजबुजल्यासारखं वाटेल.

पोरगी आहे कोण ही? असला प्रश्न सातवीत मला सुचला नसता. मला विचारशील तर ती गुप्तहेर होणार. लाव पैज. मी हरलो तर तुझ्याकडे येऊन तुझा माळा आवरीन. तू हरलीस तर माझा. माझ्या माळ्यावर काय काय आहे ते मामीला विचार आणि मग हो म्हण.

मामा

---

१९ ऑगस्ट

मामा,

पैज मंजूर. माझं म्हणणं, ती नाटक बसवतेय. गालिचा, बंद दार, आवाज, म्हणजे नाटकच की!

तुझं उत्तर मी तिला वाचून दाखवलं. फार लक्ष देऊन ऐकलं तिनं. मग म्हणाली, "फट बंद केली तर नाही ना येत?" मी म्हटलं, जवळपास नाहीच. "अच्छा," म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. मला वाटलं होतं टाळ्या पिटेल.

हा प्रयोग करून बघायला शाळेत एक उत्तम खोली आहे, पण ती मिळणं कठीण. वक्तृत्वाचे सर तिथे मुलांना तयार करतात. भिंतींना गालिचा, दाराला खाली रबराची पट्टी. त्यांच्यामुळे शाळेचं कपाट ढालींनी भरलंय. माणूस गोड, सगळ्यांची विचारपूस करणारा, मला पहिल्या दिवशी खुर्ची त्यांनीच आणून दिली. एकेका मुलाला वेगळं बसवून शिकवतात. लक्ष विचलित होऊ नये म्हणून दाराच्या काचेवर उच्चारांचा मोठा तक्ता आतून लावलाय. आपली प्रश्नपत्रिकाही त्यांच्याकडे आहे, या वर्षी निवड झाली तिची.

आता तिचा पुढचा प्रश्न. काचेवर कागद लावला की पलीकडचं दिसत नाही. मग कागद न काढता, न फाडता, दिसेल असं काही करता येतं का? मला तेल आठवलं, भज्यांचा कागद पारदर्शक होतो तसं. पण का होतो ते सांगताना माझी गाडी अडली. तूच बोल.

ठमी

---

२४ ऑगस्ट

ठमे,

तेल! अगं, निम्मी नाटकं मी त्या तेलावर काढली आहेत. खिडकीच्या चौकटीत तेल लावलेला कागद ताणायचा, मागे दिवा ठेवायचा, की झाला चंद्र. पहिल्या रांगेतली माणसंसुद्धा सुस्कारा सोडायची.

का होतं ते ऐक. कागद म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं, मधे मधे हवा. उजेड त्या धाग्यांवर आणि हवेवर आपटत राहतो, वाट चुकतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तेल त्या फटींत शिरून हवेला हाकलतं. तेल आणि धागा उजेडाला जवळपास सारखेच वाटतात, मग तो फारसा न अडखळता पार जातो. काचेसारखं स्वच्छ दिसणार नाही हं. पण आतल्या बाजूला दिवा असेल आणि बघणारा अंधारात असेल, तर कोण उभं आहे, कोण बसलंय, हात कुठे आहे, सगळं कळतं. तेल पातळ हवं, कापसानं लावायचं, आणि थोडा वेळ मुरू द्यायचं.

माझी पैज पक्की होत चाललीय. गुप्तहेरच! नाहीतर परीक्षेचा पेपर पाकिटातून वाचायचा डाव असेल. तुझ्या कपाटाला कुलूप लाव.

मामा

---

२ सप्टेंबर

मामा,

तुझा चंद्र हिट झाला. वर्गातच करून दाखवला, टॉर्च लावून. पोरं ओरडली. प्रश्नपत्रिका मात्र पुढे येऊन कागदाला बोट लावून बघत होती. "आतल्या माणसाला कळतं का, तेल लावलंय ते?" मी म्हटलं, हळूहळू पिवळट डाग दिसतो, पण लगेच लक्षात येईलच असं नाही.

परवा नळ्या धुताना तिनं तिसरा प्रश्न टाकला आणि हा तुझ्याकडे पाठवायची गरज पडली नाही, माझाच विषय. "मॅडम, माणूस घाबरला की आवाज का फुटत नाही? ओरडायचं ठरवलेलं असतं तरी?" मी फळ्यावर स्वरयंत्र काढलं. भीतीनं स्नायू आवळतात, श्वास वरच्या वर राहतो, दातखीळ बसते, सगळं सांगितलं. मस्त आकृती आली होती, उगाच पुसावी लागली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, हिला स्टेजवर भीती वाटतेय! नाटक नाही आणि गुप्तहेरी नाही, बिचारी स्पर्धेला घाबरलीय. मी लगेच वक्तृत्वाच्या सरांना गाठलं, म्हटलं, हिला जरा जास्तीचा वेळ द्या. भला माणूस, लगेच कबूल झाला. पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर रोज एक तास. तिला सांगितलं तेव्हा "थँक यू, मॅडम" म्हणाली, पण कुणीतरी लिहून दिल्यासारखं.

त्यानंतर ती प्रयोगशाळेत आलेली नाही. माझ्या शिकवण्याचा कंटाळा आला असेल का रे? प्रश्न नसले की नळ्या धुणं फार लांबतं.

ठमी

---

७ सप्टेंबर

ठमे,

हे पत्र मामी लिहितेय. मामा शेजारी बसलाय आणि त्याचा चेहरा उतरलाय.

तुझी पत्रं तो मला वाचून दाखवतो, मी भाजी निवडता निवडता ऐकते आणि हसते. परवाचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, तिन्ही प्रश्न पुन्हा वाच, मधलं तुमचं शहाणपण वगळून. त्यानं वाचले. बंद खोलीतला आवाज बाहेर जातो का. कागद लावलेल्या काचेतून आतलं दिसेल असं करता येईल का. ओरडायचं ठरवूनही आवाज का फुटत नाही.

ठमे, ही पोरगी कुणाला घाबरतेय?

आणि ती खोली तूच लिहून कळवलीस. गालिचा, रबराची पट्टी, काचेवर तक्ता. मी त्या माणसाला ओळखत नाही. माझं चुकत असेल तर चुकू दे, त्याची माफी मी मागेन. पण तो रोजचा तास आधी थांबव. कारण काहीही दे, नाहीतर देऊ नकोस. पोरीला खोदून खोदून विचारू नकोस, तिच्या तोंडात तुझे शब्द घालू नकोस. जवळ बस, आणि ती जे सांगेल ते खरं धरून चाल. आणि एकटीनं निस्तरायला जाऊ नकोस, शाळेत ज्यांची जबाबदारी आहे त्यांना सांग आणि ते गप्प बसले तर त्यांच्या वर सांग.

मामा म्हणतोय लिही, मी त्या पोरीला पैजेचा विषय केला. मी म्हटलं, रडगाणं नंतर, आधी पत्र टाकून ये.

मामी

---

९ सप्टेंबर

मामा, मामी,

तुमचं पत्र यायच्या आधीच लिहितेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

आज सकाळी वरच्या व्हरांड्यातून जात होते. वक्तृत्वाच्या खोलीत दिवा लागलेला होता. दाराच्या काचेतून सर दिसले, फडताळातून फाइल काढताना. हात, चष्मा, शर्टाची बाही, सगळं धुरकट पण दिसत होतं. आणि मी, मामा, मी आधी खूश झाले! "अगं बाई, झालं की!" असं चक्क मोठ्यानं म्हटलं. आपला चंद्र! मग माझ्या लक्षात आलं की तिथे तक्ता आहे. तक्ता जागच्या जागी होता, फाटलेला नव्हता, हललेला नव्हता. पानभर तेल मुरलेलं होतं.

तुझी सगळी उत्तरं एका ओळीत उभी राहिली. आणि त्या ओळीच्या शेवटी मी, रोजचा जास्तीचा तास लावून देणारी. आजपासूनच सुरू होणार होता तो.

प्रार्थनेच्या वेळी सर माइकपाशी आले. गोडच बोलले. "कुणीतरी खोडी केलीय. पुढे येऊन सांगितलं तर मी रागावणार नाही." सातवीच्या रांगेत प्रश्नपत्रिका उभी होती. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता आणि तिनं एक पाऊल पुढे टाकलेलं मला दिसलं. मी तिच्या आधी पोचले. कशी पोचले ते मलाच ठाऊक नाही, वाटेत एक कुंडी लवंडली. म्हटलं, "सर, ते तेल माझ्या प्रयोगशाळेतलं आहे. जबाबदारी माझी. आणि तो तक्ता आता काढा, काच उघडी ठेवायचा नियम आहे." सगळी शाळा हसली. सरही हसले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते हसून नाही.

मग मी तिला प्रयोगशाळेत नेलं. दार सताड उघडं ठेवलं. दोघींनी मिळून नळ्या धुतल्या. मी एवढंच म्हटलं, "आजचा तास नाही. उद्याचाही नाही. मी बंद केलाय." ती बराच वेळ एकच नळी धूत राहिली. मग बोलायला लागली.

ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. माझं एवढंच सांगते: मी विचारलं, "इतके दिवस माझ्याकडे येत होतीस, मग सांगितलं का नाहीस गं?" विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात काहीही विचारा. सांगा, असं कुणी म्हणालंच नव्हतं."

मी तिला म्हटलं, तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस. यात तुझी काहीही चूक नाही. हे मी माझ्यापाशी ठेवू शकणार नाही, पण ज्यांना सांगेन ते तुला सांगूनच सांगेन. तिनं मान हलवली.

आता मोठ्या बाईंकडे जातेय. मुख्याध्यापिका आहेत आमच्या, कडक आणि ढालींच्या फार प्रेमात. आवाज फुटला म्हणजे मिळवली.

ठमी

---

२२ ऑक्टोबर

मामा, मामी,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावू नका. मामी, तुझं पत्र माझ्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. वाचून आधी रडले आणि मग दाराला टेकून हसले, कारण तू लिहिलेलं जवळजवळ सगळं मी केलं होतं आणि एका गोष्टीत चुकले होते. खोदून विचारू नकोस म्हणालीस, ते पत्र एक दिवस आधी यायला हवं होतं.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पहिलं वाक्य त्यांचं असं: "आधी सरांना बोलावून विचारू या." मी म्हटलं, "नाही. त्यांना विचारणं आपलं काम नाही, चौकशी करणाऱ्यांचं आहे. आपण विचारलं तर ते आज घरी जाऊन तयारी करतील आणि पोरगी उद्या शाळेत येणार नाही." माझा आवाज चिरकला, पण फुटला. बाई कपाटातल्या ढालींकडे बघत बसल्या. मला वाटलं, संपलं. मग त्या उठल्या, स्वतः वर गेल्या आणि तो तक्ता काचेवरून काढला. खाली येऊन फोन लावला, आधी बाल संरक्षणवाल्यांना, मग पोलिसांना, मग तिच्या आईला. तक्त्याची गुंडाळी काखेत तशीच होती, तेलाचे डाग साडीला लागले ते त्यांना कळलंही नाही.

सर त्याच दिवसापासून घरी आहेत. चौकशी चालू आहे, लांबेल म्हणतात. त्यांच्या बाजूनं बोलणारे भरपूर आहेत. शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर चहाचा कप सरकवायला कुणी तयार नसतं हल्ली. पण दुसऱ्या आठवड्यात आठवीतला एक मुलगा आपल्या आईला घेऊन आला. मग कॉलेजला गेलेली एक जुनी विद्यार्थिनी. मोठ्या बाई प्रत्येकाशी दार उघडं ठेवून बसतात.

पोरगी मधे महिनाभर येत नव्हती. तिची आई एकदा येऊन माझा हात धरून नुसती उभी राहिली. मला वाटलं, ही आता दुसऱ्या शाळेत जाणार. मामा, खोटं कशाला सांगू, मला तिच्यासाठी वाईट वाटत होतं आणि स्वतःसाठीही.

काल शाळा सुटल्यावर मी नळ्या धूत होते. दारात सावली पडली. वेणी सुटलेली. आत येऊन नेहमीच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मुंगी खूप उंचावरून पडली तर तिला लागतं का?"

माझ्या हातातली नळी सुटून सिंकमध्ये पडली. डोक्यात नुसता गोंधळ. उंचावरून म्हणजे कुठून? पडली म्हणजे कोण? गच्चीचं दार उघडं असतं का? मी हात पुसले, तिच्यासमोर बसले, अगदी हळू आवाजात म्हटलं, "का गं विचारतेस हे? काही सांगायचंय का तुला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तुझ्याकडे पिशवीच्या वेळी पाहिलं असतं. "अहो मॅडम," ती म्हणाली, "मुंगी म्हणजे मुंगीच. आमच्या खिडकीतून पडली. सांगायचं असेल तेव्हा मी सांगेन की. आता उत्तर सांगा ना."

मला उत्तर येत नाही, मामा. लवकर कळव. ती उद्यापासून रोज विचारणार आहे.

ठमी

---

२८ ऑक्टोबर

ठमे,

उत्तर पुस्तकात बघून लिहिता आलं असतं. पण तुझ्या मुलीला पुस्तकी उत्तर द्यायची माझी हिंमत नाही आता. म्हणून मी आणि मामीनं प्रयोग केला. मी स्टुलावर, मामी खाली पांढरं कापड पसरून. पहिली मुंगी माझ्या बाहीत शिरली आणि मला चावली. दुसरी पडली. हवेत तरंगत गेल्यासारखी पडली, कापडावर टेकली, मिशा हलवल्या आणि चालू लागली. मग गच्चीवरून केलं. तेच. मुंगी इतकी हलकी असते की हवाच तिला धरून खाली आणते. कितीही उंचावरून टाक, तिला लागत नाही. हे तिला जसंच्या तसं सांग, बाहीसकट.

पैज आपण दोघंही हरलो आहोत. तेव्हा दोन्ही माळे दोघांनी आवरायचे. या सुट्टीत ये. तुझ्या सांगाड्यासाठी हात सापडलाय माझ्या माळ्यावर, लाकडी आहे, उजवा आहे, पण चालेल.

मामा

ता. क. मामीच्या हातचं: मुंगीला लागत नाही, बरोबर आहे. पोरीला लागलंय. ती हसली, प्रश्न विचारायला लागली, म्हणून ते विसरू नकोस. आणि वर्गातलं ते भाषण पुन्हा एकदा कर. या वेळी 'विचारा'च्या पुढे 'सांगा' असंही म्हण.